अक्षदाच्या दोन चकरा

सुभाषचंद्र लोणकरांनी नोकरीच्या चौतीस वर्षांत न बघता एकही सही केली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि इतक्यांदा सांगत की झाशीतल्या निम्म्या मराठी घरांना ते पाठ झालं होतं. एका सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासायचं त्यांचं काम. माल बाहेर जाण्याआधी त्याच्यावर भार टाकून तो किती तापतो ते बघतात. दहा-बारा तास चालणारा प्रकार. दर अर्ध्या तासाने काटा बघायचा, आकडा लिहायचा, पुढे सही करायची. नवे इंजिनिअर दोन तासांतच जांभया देऊ लागत. सुभाषचंद्र मात्र खुर्ची ओढून काट्यासमोर बसत आणि डबाही तिथेच उघडत. घरी आल्यावर लेकीला मांडीवर घेऊन तेच ऐकवत, "बघितल्याशिवाय सही नाही, अक्षू. कुणी विचारणारं नसलं तरी नाही."

अशा माणसाने त्याच लेकीच्या बाबतीत नऊ वर्षं डोळे मिटून सह्या ठोकल्या. कशा, ते ऐका.

अक्षदा चौदा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत भोपाळला मावशीकडे गेली आणि तिथल्या मोठ्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकून आली. झाशीच्या पोरीला होड्यांचं काय सोयरसुतक, म्हणून सगळ्यांनी ते सुट्टीतलं खूळ समजून सोडून दिलं. पण खूळ उतरलं नाही. वर्षभरात ती मावशीकडेच राहायला गेली, आणि तिच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला सुभाषचंद्र छत्री, पाण्याची बाटली आणि अनुराधाबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या घेऊन मोठ्या हौसेने काठावर जाऊन बसले.

काठावरून काय दिसणार? लांब पाण्यावर पंधरा-वीस पांढरे त्रिकोण, सगळे सारखे. ते डावीकडे जात, मग उजवीकडे जात, मग बराच वेळ कुठेच जात नसत. शर्यत म्हटली की सगळे एका दिशेला धावणार, अशी त्यांची साधी समजूत. इथे अर्धे एका टोकाला तर अर्धे दुसऱ्या टोकाला, आणि पुढे कोण नि मागे कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तासाभराने त्यांनी दशम्या खाल्ल्या. मग छत्रीच्या सावलीत त्यांना जी डुलकी लागली, ती शेवटच्या भोंग्यानेच मोडली.

अक्षदा ओलीचिंब, उन्हाने लाल झालेली, होडी ओढत वर आली. बापाला बघताच लांबूनच तिने विचारलं, "देखा ना, बाबा?" पोरीचं मराठी घरापुरतं, बाकी आयुष्य हिंदीतलं. मनापासून काही बोलायचं झालं की ती हिंदीत शिरायची.

"बघितलं तर," सुभाषचंद्र म्हणाले. "शेवटी काय वारा पकडलास तू."

हे त्यांनी अंदाजाने ठोकून दिलं होतं. पण त्या दिवशी अक्षदाने नेमक्या शेवटच्या टप्प्यातच चार होड्या मागे टाकल्या होत्या. तिचा चेहरा असा काही उजळला की खरं सांगायची सोय उरली नाही. ते एवढंसं खोटं तिथेच बुडवून टाकायला हवं होतं. त्याऐवजी ते नऊ वर्षं तरंगत राहिलं.

पुढे स्पर्धा मोठ्या होत गेल्या. कधी मुंबई, कधी चेन्नई, मग परदेश. प्रत्येक शर्यतीनंतर संध्याकाळी फोन येई आणि पहिलं वाक्य तेच, देखा ना, बाबा. आता घरबसल्या मोबाइलवर शर्यत दिसायची, त्यामुळे सबबही उरली नव्हती. सुभाषचंद्रांनी तीन-चारदा प्रामाणिक प्रयत्न केला. दहा मिनिटं काही ते टिकले नाहीत. मग त्यांनी एक पद्धत बसवली. आधी निकाल बघायचा. नंबर वर असेल तर "शेवटी काय वारा पकडलास", खाली असेल तर "आज वाऱ्यानेच दगा दिला". मधला असेल तर "सुरुवात जरा सावध केलीस, पण योग्य केलीस". ही तीन वाक्यं आलटून पालटून नऊ वर्षं पुरली. होड्यांच्या शर्यतीत वारा असतोच, त्यामुळे चुकायची भीती नव्हती.

अनुराधाबाईंनी असलं काही कधी केलं नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांनी लेकीला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, आणि त्या फक्त पाण्यातून धड बाहेर आलीस ना एवढंच विचारत. म्हणून लेक आईला काही विचारत नसे. पण तिच्या मनात एक पक्कं बसलं होतं, की जगात कुणी बघो न बघो, आपला बाप बघतो. आपण बघत नाही हे उद्या तिला कळलं तर, हा विचार फोनवर बोलताना सुभाषचंद्रांना येई, आणि फोन ठेवला की विरून जाई.

यंदा थायलंडच्या किनाऱ्यावर मोठी स्पर्धा होती. आशियातल्या झाडून सगळ्या तगड्या मुली उतरल्या होत्या. पाच दिवस, रोज शर्यती, आणि शेवटी पहिल्या तिघींना त्याहून मोठ्या स्पर्धेचं तिकीट. गावातल्या हिंदी वर्तमानपत्राने मथळा दिला, 'पाल नौकायन में दम दिखाएगी झाँसी की बेटी'. हिंदीत पाल म्हणजे शीड. मराठीत पाल कुठे असते ते सांगायला नको. मराठी मंडळात आठवडाभर त्या पालीवरून हसणं चाललं. मंडळाचे अध्यक्ष अनंतराव म्हणाले, आमच्या घरी भिंतीवर दोन आहेत, त्यांनाही पाठवतो. सुभाषचंद्रही हसले. आपल्या पोरीच्या नावाने का होईना, मंडळात तेवढीच चर्चा.

अनंतरावांच्याच डोक्यातून निघालं की रविवारी सगळ्यांनी मिळून शर्यत बघायची. बड़ा बाज़ारच्या मागे मंडळाचा हॉल आहे, तिथे पडदा लावला. चैतन्यने, हा मंडळाचा चिटणीस, बँकेत कॅशियर, प्रोजेक्टर आणला. पोह्यांचं पातेलं चढलं. साडेअकरापर्यंत चाळीसएक माणसं जमली, बबीनाच्या छावणीतून तीन-चार फौजी कुटुंबंही आली. सुभाषचंद्रांना पहिल्या रांगेत बसवून हातात माइक दिला गेला, कारण मंडळाच्या संगीत खुर्चीपासून लिंबू-चमच्यापर्यंत प्रत्येक खेळाचं धावतं वर्णन तेच करत, आणि त्यांचं वर्णन ऐकायलाच लोक येत, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

शर्यत सुरू झाली. पडद्यावर निळं पाणी आणि त्यावर पांढरे त्रिकोण. खाली कोपऱ्यात एक नकाशा, त्यावर रंगीत बाण गोगलगायीच्या चालीने सरकत होते. भगवा बाण म्हणजे अक्षदा. पहिली पाच मिनिटं लोकांनी कौतुकाने बघितलं, पुढची पाच सभ्यपणाने. मग अनंतरावांनी विचारलं की ही शर्यत आहे की वाळत घातलेली धोतरं. हॉल हसला, आणि वाद सुरू झाला. कुणी म्हणालं, क्रिकेटमध्ये निदान चेंडू पडतो. कुणी म्हणालं, पाच दिवसांची कसोटी बघणाऱ्याने कंटाळ्याबद्दल बोलू नये. बबीनाचे निवृत्त सुभेदार नारायणराव शांतपणे म्हणाले की हा खेळ बघणाऱ्यासाठी नाहीच, करणाऱ्यासाठी आहे. बॉर्डरवरचा पहाराही लांबून बघणाऱ्याला झोपच आणील. हे कुणी फार मनावर घेतलं नाही, कारण तेवढ्यात पोह्यांचा वास सुटला.

माणसं उठू लागली. एकेक खुर्ची सरकली की सुभाषचंद्रांना गालात चपराक बसल्यासारखी लागायची. आपल्या लेकीचा खेळ कंटाळवाणा ठरतोय, आणि तो कंटाळवाणा आहे हे आपल्याला नऊ वर्षांपासून माहीत आहे, ही दुसरी गोष्ट त्यांना जास्त झोंबली. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि थापा सुरू केल्या. लाल टोपीवाली चिनी मुलगी ही अक्षदाची जुनी वैरीण झाली. समोरून वादळ येऊ लागलं. अक्षदाने तिला हूल दिली, तिने अक्षदाची वाट अडवली. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं, पण पोह्यांच्या बशा घेऊन लोक परत आले. अक्षदा त्या वेळी खरोखरच तिसरी होती. तेवढं एक खरं होतं.

वळणाच्या खुणेपाशी, एक मोठा फुगा पाण्यावर तरंगत होता तिथे, भगवा बाण जरासा पुढे गेला आणि थांबला. मग जागच्या जागी गोल फिरला. एकदा फिरला, आणि परत एकदा. मागच्या होड्या एकामागून एक पुढे निघून गेल्या.

हॉलमध्ये कुणाला काही समजेना. कुणीतरी विचारलं, चक्कर आली काय पोरीला? सगळ्यांनी सुभाषचंद्रांकडे बघितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला जीभ वळेना. त्या एका क्षणात आठवडाभराची ती पाल त्यांच्या मदतीला धावली.

"मंडळी," ते माइकवर म्हणाले, "आमची पाल आपलं शेपूट पकडायला निघाली आहे."

सकाळपासून जे हसू मिळालं नव्हतं ते तेव्हा मिळालं. अनंतराव खुर्चीत मागे रेलून हसले. एका फौजी बाईंना ठसका लागला. सुभाषचंद्रही हसले, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. नारायणराव तेवढे हसले नाहीत, पण ते एरवीही कमीच हसत. शर्यत संपली तेव्हा अक्षदा अकरावी होती. लोक जाताना पाठीवर थाप मारून गेले, लोणकरजी, मज़ा आ गया.

दुपारी चैतन्यने त्या शेपटाच्या विनोदाचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. सुभाषचंद्रांनी तो दोनदा बघितला आणि अनुराधाबाईंना दाखवला. त्या हसल्या नाहीत. पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या की पोरगी त्या ग्रुपवर आहे.

सुभाषचंद्रांचं जेवण तिथेच संपलं. त्यांनी चैतन्यला फोन लावला आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. काका, सब को मज़ा आया, असं तो म्हणत राहिला, पण चार वाजेपर्यंत त्याने काढला. ग्रुपवर फक्त 'संदेश हटवला' अशी एक राखाडी ओळ उरली. मग सुभाषचंद्र जरा आडवे झाले. कुणी बघितलं नाही, झालं गेलं संपलं, असं स्वतःला सांगत त्यांनी डोळे मिटले, पण झोप काही आली नाही.

सहाला फोन आला.

"देखा ना, बाबा?"

"बघितलं तर. सगळ्या मंडळाने बघितलं." निकाल अकरावा होता. "आज वाऱ्यानेच दगा दिला, अक्षू."

"और वो दो चक्कर? ते पण बघितले?"

"हो की. मी सांगितलं सगळ्यांना, हा डावपेच असतो म्हणून."

ती हळू बोलू लागली, लहान मुलाला समजावतात तशी.

"डावपेच नव्हता, बाबा. पेनल्टी होती. मी स्वतः घेतली. टर्नच्या तिथे माझी बोट त्या चायनीज मुलीच्या बोटीला लागली, बस ज़रा सी. तिला पण नाही कळलं. जजची बोट दुसऱ्या साइडला होती. किसी ने नहीं देखा."

"मग कशाला घेतलीस?" सुभाषचंद्रांच्या तोंडून निघून गेलं.

"मला कळलं होतं ना, लागलं ते. आमच्यात अंपायर मागे मागे नाही फिरत, बाबा. गलती हुई तो खुद दो चक्कर मारायचे, तिथल्या तिथे. बाद में ली तो गिनती नहीं." ती म्हणाली. "और लगा, बाबा देख रहे हैं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ही तीच अक्षू होती जिला त्यांनी मांडीवर बसवून काट्याची गोष्ट सांगितली होती, आणि पोरीने ती गोष्ट समुद्रात जाऊन, कुणी बघत नसताना, आठ जणींना पुढे जाऊ देऊन पाळली होती. नेमक्या त्याच घटकेला बाप माइकवर तिच्या शेपटाचा विनोद करत होता. त्यांना स्वतःची किळस आली.

"और कुछ, बाबा? काही सांगायचंय?" तिने विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. "नाही," ते म्हणाले. "वेळेवर जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसले, दार लोटून घेतलं, आणि शर्यत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उठले नाहीत. आधी नेहमीसारखंच, पांढरे त्रिकोण आणि निळं पाणी. त्यांनी जुनी वही काढली आणि दर पाच मिनिटांनी कोण कुठे ते लिहू लागले, कारण बघायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. तिसऱ्या पानावर त्यांच्या लक्षात आलं की पाण्याचा रंग सगळीकडे सारखा नाही. मधेमधे गडद पट्टे आहेत, ते सरकतात, आणि होडी अशा पट्ट्यात शिरली की झुकते आणि वेग घेते. ते पट्टे म्हणजे वारा. वारा दिसतो, हे त्यांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

मग सगळंच कळत गेलं. अर्ध्या होड्या डावीकडे का जातात आणि अर्ध्या उजवीकडे का, तर प्रत्येकीचा अंदाज वेगळा, की पुढचा वारा कुठून येणार. अंदाज बांधून एकदा निघालं की दहा मिनिटं कुणालाच कळत नाही कोण बरोबर. दोन्ही टोकांच्या होड्या परत मधे येतात, एकमेकींच्या समोरून जातात, तेव्हा उलगडा होतो. ती दहा मिनिटं सुभाषचंद्रांनी श्वास रोखून काढली. बारा तास एका काट्याकडे बघत बसणारे आपण, काटा हलत नसतानाच खरं काय ते चाललेलं असतं हे ज्यांना कळत होतं असे आपण, आणि आपणच या खेळाला कंटाळवाणा म्हणत होतो. कंटाळवाणं त्यात काही नव्हतं. त्यांनी बघितलंच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण जसजशी मजा येऊ लागली तसतशी त्यांची मान खाली जाऊ लागली.

संध्याकाळचे फोन येत होते. अक्षदा 'देखा ना' विचारत होती, आणि आता ते खरं खरं 'हो' म्हणत होते, गडद पट्ट्यांबद्दल बोलत होते. ती ऐकून घेई. शेवटी दर वेळी विचारी, और कुछ, बाबा? आणि ते दर वेळी नाही म्हणत. उद्या सांगू, स्पर्धा संपली की सांगू, पोरीचं लक्ष उडायला नको, अशी रोज नवी सबब त्यांना सुचत होती. शेवटच्या शर्यतीत ती एकटी उजव्या टोकाला गेली, बाकी सगळ्या डावीकडे. सुभाषचंद्रांनी हात जोडले. वारा उजवीकडूनच आला आणि ती पहिली आली. पण पाच दिवसांची बेरीज झाली तेव्हा तिचा नंबर चौथा होता. त्या दोन चकरा मारल्या नसत्या तर ती दुसरी असती. हे त्यांनी वहीत तीनदा पडताळून बघितलं.

दिल्लीहून गाडीने ती दुपारी झाशीला उतरली. मंडळाने संध्याकाळी सत्कार ठेवला होता. सुभाषचंद्र एकटेच स्टेशनवर गेले. रिक्षात तिची लांबलचक बॅग दोघांच्या पायांवर आडवी ठेवली होती. हॉलमध्ये कुणी ना कुणी शेपटाचा विषय काढणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच आज तोंड उघडतोय हेही. त्यात मोठेपणा काही नव्हता.

इलाइट चौराह्यापाशी रिक्षा अडकली. हॉर्न वाजत होते. त्यांनी बॅगेच्या पट्ट्याकडे बघत सांगितलं. विनोद सांगितला, जसाच्या तसा. व्हिडिओ काढायला लावला ते सांगितलं. मग भोपाळच्या काठावरची डुलकी सांगितली, ती तीन वाक्यं सांगितली. "नऊ वर्षं मी काही बघितलं नाही, अक्षू. न बघता सह्या केल्या."

ती रडली नाही, चिडलीही नाही. समोर सिग्नलकडे बघत राहिली.

"व्हिडिओ मी बघितला होता, बाबा," ती म्हणाली. "काढायच्या आधीच. तुम्हाला फोन केला तेव्हा बघूनच केला होता."

सुभाषचंद्रांनी तिच्याकडे वळून विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. वाटलं, पेनल्टी तुम्ही पण स्वतः घ्याल. म्हणून तर रोज विचारत होते ना, और कुछ, बाबा." सिग्नल सुटला, रिक्षा हलली. "चार दिवस झाले."

गल्लीच्या तोंडाशी तिने फक्त रिक्षावाल्याला सांगितलं, भैया, आगे से बाएँ.

संध्याकाळी सत्कारात माइक परत सुभाषचंद्रांच्याच हातात आला. अनंतरावांनी मुद्दाम आठवण करून दिली, पालीचं शेपूट सांगा. त्यांनी सांगितलं, पण वेगळं सांगितलं. होडी कशी लागली, कुणी बघितलं नव्हतं, पोरीने स्वतःहून चकरा कशा मारल्या, आणि आपण तेव्हा काय बोललो. वादळं नाहीत, वैरिणी नाहीत. लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. चैतन्यने मागे वाटपाच्या पेढ्यांचा खोका उघडला. नारायणराव तेवढे शेवटपर्यंत ऐकत होते, आणि संपल्यावर उठून त्यांनी अक्षदाला, आपल्या नातीच्या वयाच्या पोरीला, खाडकन सलाम ठोकला. ती त्यांच्याकडे बघून हसली. बापाकडे तिने बघितलं नाही.

महिन्याभराने चेन्नईला स्पर्धा होती. सुभाषचंद्रांनी नवी वही आणली होती. दोन तास ते दार लोटून बसले, वाऱ्याचे पट्टे टिपले, कुठल्या वळणाला ती कितवी होती ते लिहिलं. दुसऱ्या फेरीत तिने सगळ्यांच्या आधी वळायचं ठरवलं होतं. चूक वाटावी असं वळण होतं, आणि पुढे तेच बरोबर ठरलं. हे आपण ओळखलं, ती वळली त्या क्षणीच ओळखलं, हे तिला सांगायला ते आतुर झाले होते. त्या पानाखाली त्यांनी सवयीने सहीसुद्धा केली होती.

सहाला फोन आला. त्यांनी तो पहिल्या घंटीला उचलला. अक्षदा म्हणाली, पाचवी आले. ऊन फार आहे इथे. जेवण बरं आहे. तुमची बीपीची गोळी चालू आहे ना? ते हो म्हणाले आणि वही मांडीवर उघडी धरून वाट बघू लागले.

"बरं, बाबा," ती म्हणाली. "आईला द्या."

त्यांनी फोन अनुराधाबाईंना दिला.